चवथ ते दिवाळी : घरातल्या कोळ्यांची भीती, तुमचे अनुभव लिहा

वळचण :
माझा नवरा तारवटी. ऑगस्टअखेर बोटीवर गेला, आता मार्चशिवाय येत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत मी एकही कोळी स्वतः काढलेला नाही. नवरा बोटीवर असला की सासरे काढायचे. ते गेल्या साली गेले. आता घरात मी, गुडघे धरलेल्या सासूबाई आणि न्हाणीत तो.

तो म्हणजे तळहाताएवढा, चपटा, तपकिरी, भिंतीला पाय पसरून बसलेला. जाळं नाही, काही नाही. आमचं घर फोंड्याजवळ, चिऱ्याचं, मंगळुरी कौलांचं. न्हाणी मागच्या पडवीला लागून. रात्री नऊनंतर मी पाणी पीत नाही. मागच्या आठवड्यात पहाटे साडेतीनला छत्री घेऊन भर पावसात मागच्या अंगणात गेले, पण न्हाणीची कडी काढली नाही.

आता पाऊस ओसरतोय, दिवाळीची झाडलोट तोंडावर आलीय. कपाटं सरकवायची, माळ्यावरची पितळी भांडी उतरवायची. कोळी काही करत नाही, हे मला ठाऊक आहे. ते कृपया कुणी सांगू नका. ठाऊक असूनही पाय का थिजतात, आणि तुम्ही काय केलंत, ते लिहा. हसण्यासारखं असलं तरी लिहा.

घुमटवाला :
वहिनी, तुम्ही निदान बोललात. मी नव्वद किलोचा गडी, मला कुठे बोलता येतंय? आरतीच्या पथकात घुमट वाजवतो. घुमट वर्षभर खुंटीला. चवथीआधी तालमीला काढलं, मांडीवर घेतलं, डावा हात मागच्या उघड्या तोंडावर नेला, तर आतून बाईसाहेब बाहेर. पोटाखाली पांढरी चकती धरलेली, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत. घुमट म्हणजे शेवटी मडकंच. दहा जणांसमोर तुकडे. २०१९ साली सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला आणि त्याच चवथीला मी एक फोडलं.

भीती गेली नाही. आरत्या संपल्या की घुमटाच्या तोंडाला फडकं बांधतो, घट्ट. एवढाच माझा उपाय.

डिचोलीचा मास्तर :
ती चकती म्हणजे अंड्यांची पिशवी. मादी ती पोटाखाली धरून आठवडेच्या आठवडे हिंडते, आणि त्या दिवसांत सहसा काही खात नाही. हा कोळी जाळं विणतच नाही, रात्री भिंतीवर बसून झुरळाची वाट पाहतो. त्याला काठीने डिवचलं की तो खेकड्यासारखा तिरका पळतो, आणि नेमका आपल्याकडे आला असं वाटतं. तो आडोसा शोधत असतो. आपण भिंतीला टेकून उभे असलो तर आपणच आडोसा. तेव्हा मधोमध उभं राहा.

अजून एक. मेलेल्या कोळ्याचे पाय आत मुडपलेले का असतात? पाय आत ओढायला त्याला स्नायू आहेत, पण मोठ्या सांध्यांत ते लांब करायला नाहीत. अंगातल्या द्रवाच्या दाबाने तो पाय पसरतो, आपल्याकडच्या जेसीबीसारखा. जीव गेला की दाब गेला. वर्गात हे सांगितलं की सगळ्यात भित्री पोरं पुढे येऊन बसतात.

वळचण :
मास्तर, माहिती छान आहे, पण तुम्हाला भीती नव्हतीच. मग अनुभव कसला? मधोमध उभं राहायचं मात्र लक्षात ठेवते.

खुशाल मारा :
झुरळांचा स्प्रे घ्यायचा, मारायचा, झोपायचं. एवढा मोठा धागा कशाला?

पेडण्याची सून :
वरच्या भाऊंना : मी मारलाय स्प्रे. फवारा बसला की तो जागच्या जागी मरत नाही, आधी सैरावैरा पळतो, मग छतावरून सुटतो. माझ्या वेणीवर सुटला होता. तुम्ही खुशाल झोपा.

आमच्याकडे भीतीचा मोसम चवथीलाच सुरू होतो, माटोळीमुळे, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर रानफळं बांधतात त्या छतामुळे. सासरे आणि दीर रानातून कांगलां, कुड्याची फळं, सुपारीचं शिपटं, काय काय आणतात, आणि त्या प्रत्येकात कुणीतरी राहत असतं. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मी गणपतीसमोर नैवेद्याचं पान घेऊन उभी, आणि वरून एक हिरवा कोळी धाग्याला लोंबकळत पातोळ्यांवर. पान टाकलं नाही, हे देवाचेच उपकार. किंचाळले मात्र अशी की भटजींचा मंत्र चुकला.

दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी गाजावाजा न करता एक रीत पाडली. रानातलं सगळं सामान आदल्या रात्री पडवीत पांढऱ्या धोतरावर पसरून ठेवायचं, सकाळी एकेक उचलून अंगणात झटकायचं. झटकायचं काम माझ्याकडे दिलं. तेव्हा रागच आला होता. पण उजेडात, अंगणात, हातात फांदी आणि पळायला चारी दिशा मोकळ्या असताना कोळी दिसणं वेगळं, आणि रात्री बंद न्हाणीत दिसणं वेगळं. सहा वर्षं झटकतेय. हिरवे, पिवळे, उड्या मारणारे सगळे चालतात आता. तपकिरी मोठा अजूनही दीरच काढतात.

औषधवाला :
माझं छोटं औषधाचं दुकान आहे. पाऊस सरला की रोज एकजण तरी मान नाहीतर हात दाखवत येतो, ‘कोळी मुतला, मलम द्या.’ लाल पट्टा, त्यावर बारीक फोड, आग आग. तीस वर्षं मीही तेच समजत होतो. दुकानात येणाऱ्या त्वचेच्या डॉक्टरांनी एकदा बसवून सांगितलं, यात कोळ्याचा संबंध नाही. काळा‑नारिंगी, मुंगीएवढा लांबट एक किडा दिव्यावर येतो. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला की त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजते, आणि फोड दुसऱ्या दिवशी येतात. म्हणून झोपेत काय झालं ते कळत नाही, आणि सकाळी भिंतीवर कोळी दिसला की आळ त्याच्यावर. किडा अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा, चोळू नका. चोळला गेलाच तर साबणाने लगेच धुवा. काही वेळा ती नागीणही असते, तेव्हा फोड एकाच बाजूला पट्ट्याने आले तर डॉक्टरांना दाखवा, मलमावर थांबू नका.

माझी भीती निम्मी यानेच गेली. लहानपणापासून ‘अंगावर मुतेल’ हीच धास्ती होती, चावण्याची नव्हे.

माशेल ते स्विंडन :
इकडे इंग्लंडात आपले गोंयकार ढिगाने आहेत आणि सप्टेंबर लागला की सगळ्यांच्या घरात हीच बोंब. गावच्या कोळ्यांना कंटाळून आले असं नाही, पण सुटले असं वाटलं होतं खरं. इथला कोळी लांब पायांचा, केसाळ, आणि तो अवतरतो थेट बाथटबात. शेजारीण म्हणाली, थंडी लागते म्हणून बाहेरून आत येतात. तसं नाही म्हणे. ते घरातच, फळ्यांमागे, वर्षभर असतात. शरदात नर वयात येऊन मादी शोधायला बाहेर पडतात. टबात पडले की गुळगुळीत भिंतीवर पाय धरत नाहीत, म्हणून सकाळी तिथेच सापडतात. मोरीतून वर येतात ही समजूतही खोटी, खालच्या वाकात पाणी भरलेलं असतं.

कोळी फिरकू नयेत म्हणून लोक कोपऱ्याकोपऱ्यात हॉर्स चेस्टनटची फळं ठेवतात. मीही ठेवली. एक कोळी फळावरच बसलेला सापडला. उपयोग झाला तो टॉवेलचा : रात्री टबाच्या काठावरून एक टोक आत सोडून ठेवते, तो आपला आपण चढून जातो. मला काढावा लागत नाही, बघावा लागत नाही. कुठे जातो ते विचारत नाही.

वळचण :
म्हणजे तुमच्याकडे नवरा शोधायला… उलट, बायको शोधायला बाहेर पडतात. आमच्याकडे थंडी कुठली? दिवाळीत ते जास्त दिसतात ते बहुधा आपणच कपाटं सरकवतो म्हणून.

कुळागरकार :
घरातल्याचं मला काही वाटत नाही. माझी भीती तोंडावर जाळं येण्याची. सावई‑वेरेला आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग आहे. चवथीनंतर पाटाच्या वाटेवर, या पोफळीपासून त्या पोफळीपर्यंत, सोनेरी धाग्यांची जाळी लागतात, मधोमध बोटाएवढी काळी‑पिवळी मादी. तोच धागा नाकावर ताणला जाऊन तुटतो तेव्हा त्याचा आवाज ऐकू येतो, खरंच. एकदा चष्मा पाटात गेला.

वडील काठी तोंडापुढे उभी धरून चालायचे, मी तेच करतो. पण खरा फरक पडला तो वेळ बदलल्याने. भल्या पहाटे जातो. दवाने जाळी पांढरी दिसतात, ऊन चढलं की दिसेनाशी होतात. जिथे मादी बसलीय त्या पोफळीला झावळीची पात बांधून ठेवतो आणि वाकून जातो. नारळ काढणारा पाडेली हसतो. हसू दे.

परतलेली :
वळचण, तुमचं ‘नऊनंतर पाणी पीत नाही’ वाचलं आणि लिहायला बसले. मी सहा वर्षं चवथीला गावच्या घरी गेले नाही. ऑफिसचं काम, मुलीची परीक्षा, दरवर्षी नवं कारण. खरं कारण तिथल्या खोलीतलं जुनं लाकडी छत. आईला कळलं होतं, ती बोलली नाही. सातव्या वर्षी ती आजारी पडली, तेव्हा मी समुपदेशक बाईंकडे गेले.

त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, तुम्ही कोळ्याला भिता की स्वतःच्या घाबरण्याला? मला उत्तर आलं नाही, अजूनही धड येत नाही. मग पायऱ्या लिहून घेतल्या. कागदावर ‘कोळी’ लिहायचं. स्वतः चित्र काढायचं. फोटो, मग हलणारा व्हिडिओ. मग बरणीत बंद केलेला, खोलीच्या त्या टोकाला. मग टेबलावर. नियम एकच : छाती धडधडली की उठायचं नाही. घाबरून उठलं तर ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढंच मन शिकतं. बसून राहिलं की धडधड चढते, टिकते आणि ओसरते. माझी पहिल्यांदा चाळीस मिनिटांनी ओसरली. घड्याळ लावून बसले होते. बाईंनी सांगितलं, ही पद्धत जुनी आहे, जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेली. पुढे स्वीडनच्या लार्स‑गोरान ऑस्ट यांनी १९८९ मध्ये तीच एका लांब बैठकीत, तीन तासांपर्यंत, करून दाखवली. माझं तीन तासांत झालं नाही, तीन महिने लागले.

बरणीची पायरी सगळ्यात वाईट. त्या दिवशी बाईंच्या खोलीत मी रडले, आणि बरणीतला कोळी अर्धा तास जागचा हलला नाही. मग मलाच त्याची दया आली म्हणायला हवं, पण खरं सांगू, कंटाळा आला.

आता गावी जाते. छताकडे बघते, मोजते, झोपते. ज्यांचं रोजचं जगणं अडलंय त्यांनी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत किंवा कुठल्याही समुपदेशकाकडे जावं. निदान १४४१६ या टेलि‑मानसच्या नंबरावर बोलावं, फुकट आहे, रात्रीही उचलतात.

तिसरीतल्याची आई :
माझा मुलगा कोळ्याला घाबरत नव्हता. मला एकदा पलंगावर उभी राहून ओरडताना पाहिलं, तेव्हापासून घाबरतो. हे मीच दिलं त्याला. आता त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर तो इवलासा, उड्या मारणारा येतो तेव्हा मी दात आवळून म्हणते, ‘बघ, मान वळवून बघतोय.’ खरंच बघतो, पुढे दोन मोठे डोळे असतात त्याला. मुलगा परवा म्हणाला, ‘आई, तू घाबरलीस तरी चालेल, मी आहे.’

वळचण :
सगळ्यांचं वाचत होते. नवऱ्याला सिग्नल मिळेल तेव्हा दाखवेन.

मी परतलेलीच्या पायऱ्या उसन्या घेतल्या. रोज संध्याकाळी दिवेलागणीला चहाचा कप घेऊन न्हाणीच्या उंबऱ्यावर बसायचं, दार उघडं, तो समोर. पहिल्या दिवशी चहा तसाच राहिला. पाचव्या दिवशी संपला. पकडण्याचाही प्रयत्न केला : पेला पुरत नाही, त्याचे पाय बाहेर राहतात, आइसक्रीमचा मोठा डबा आणि खालून सरकवायला लग्नाची जाड पत्रिका. डबा भिंतीला लावला, पण पत्रिका सरकवायला हात पुढे गेला नाही. डबा धरून उभी राहिले आणि शेवटी सोडून दिला. नवव्या दिवशी कोपऱ्यात त्याने झुरळ धरलेलं पाहिलं. झुरळालाही मी भिते, त्यामुळे कुणाची बाजू घ्यावी कळेना.

आज नरकचतुर्दशी. नरकासुर जाळून पोरं घरी परतत होती, अजून अंधार होता. तेल, उटणं लावून झालं, पाणी तापलेलं, आणि न्हाणीला पर्याय नाही. गेले. तो खिडकीच्या वरच होता. मी मधोमध बसले, त्याच्याकडे तोंड करून, आणि तांब्याने पाणी घेत राहिले. पाठीला साबण लागला नाही, कारण वळले नाही.

सासूबाई दाराबाहेर स्टूल घेऊन बसल्या होत्या.
‘आसा मगो तो?’
‘आसा.’