४०० किलोचा मुरघासाचा गठ्ठा छोट्या ट्रॅक्टरने कसा हलवावा?

गोठा_निफाड

नमस्कार मंडळी. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग असून जोडीला १२ जनावरांचा गोठा आहे. त्यांपैकी ८ गाई दुधात आहेत आणि बाकी कालवडी आहेत. बागेच्या ओळींमधून फिरता यावे म्हणून २४ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घेतलेला आहे. घरात दुसरा ट्रॅक्टर नाही. आजवर मक्याचा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) ५० किलोच्या पिशव्यांमध्ये विकत घेत होतो. त्या पाठीवरून वाहता येत. यंदा मात्र पुरवठादार प्लास्टिकची फिल्म गुंडाळलेले मोठे गोल गठ्ठे देणार आहे. एक गठ्ठा साधारण एक मीटर व्यासाचा, तेवढ्याच उंचीचा आणि वजनाला ४०० किलोच्या आसपास असेल.

टेम्पो रस्त्यापर्यंतच येऊ शकतो. तेथून गोठा साधारण दोनशे मीटर आत आहे आणि शेवटच्या टप्प्यात चढ आहे. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत हायड्रोलिकची उचलक्षमता ७५० किलो, ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन ८५० किलो आणि पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर दीड मीटर दिलेले आहे. गावातील एक कारागीर मागच्या लिंकेजला (औजारे जोडून उचलण्याच्या दांड्यांना) जोडण्यासाठी लांब काटा बनवून देण्यास तयार आहे. तो गठ्ठ्यात खुपसायचा आणि गठ्ठा उचलून न्यायचा, अशी कल्पना आहे. ७५० किलोची क्षमता असताना ४०० किलो सहज उचलले जायला हवे, असे त्याचे म्हणणे आहे. वडील आणि एक गडी सोबत असतात, त्यामुळे कोणाला इजा होईल असे काही करायचे नाही. ज्यांनी असे गठ्ठे हाताळले आहेत त्यांनी मार्गदर्शन करावे.

औजारे_राहुरी

आपण पुस्तिकेतील आकडे दिले हे फार बरे केले, कारण या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे. ७५० किलो हा आकडा बहुतेक वेळा खालच्या दोन लिंकांच्या अगदी टोकावर मोजलेला असतो. गठ्ठ्याचा भार त्या टोकावर नसून त्याच्या बराच मागे पडतो आणि भार जितका मागे, तितकी प्रत्यक्ष उचल कमी. तरीही हायड्रोलिक कदाचित गठ्ठा उचलेलही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, कारण तेव्हा ट्रॅक्टरची पुढची चाके जमिनीला नीट टेकलेली राहणार नाहीत.

हिशेब असा मांडावा. अशा ट्रॅक्टरच्या वजनापैकी सुमारे ४० टक्के, म्हणजे ३४० किलो, पुढच्या आसावर असते असे धरू. गठ्ठा ४०० किलो आणि काट्याची चौकट ६० किलो मिळून ४६० किलो. मागच्या आसापासून लिंकांची टोके साधारण ६५ सेंटिमीटर, चौकटीची जाडी १० सेंटिमीटर आणि गठ्ठ्याचा मध्य आणखी ५० सेंटिमीटर, म्हणजे भार मागच्या आसापासून सव्वा मीटर मागे आला. ४६० ला १.२५ ने गुणून दीडने भागले की ३८३ येतात. मागे हा गठ्ठा उचलताच पुढच्या आसावरून एवढे किलो वजन कमी होते. तेथे मुळात ३४० किलोच होते. म्हणजे सपाट जमिनीवर उभ्या उभ्याच पुढची चाके उचलली जातील, आणि आपल्याकडे तर चढ आहे.

स्टिअरिंगचा ताबा राहण्यासाठी ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर असावा, असा सर्वमान्य नियम आहे. आपल्या बाबतीत तो १७० किलो होतो. तेवढा भार टिकवायचा तर पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे बंपरवर सुमारे १६० किलोची वजने लावावी लागतील. छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसाला आणि टायरांना ती झेपतील का, हे पुस्तिकेत पाहावे लागेल. मागच्या आसावर तर ट्रॅक्टर, चालक, गठ्ठा, चौकट आणि पुढून सरकून आलेला भार अशी सगळी बेरीज पडते. त्या टायरांचीही मर्यादा असते.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की हा गठ्ठा लिंकेजवर उचलून नेऊ नये. छोटा ट्रॅक्टर जेवढे उचलतो त्याच्या कितीतरी पट ओढू शकतो, तेव्हा त्याच्याकडून ओढण्याचेच काम घ्यावे. बुटका गाडा करून घ्या आणि गठ्ठा त्यावर ठेवून न्या. ओढताना जोड नेहमी ड्रॉबारलाच (ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढण्याच्या पट्टीलाच) द्यावा. टॉप लिंकच्या (लिंकेजच्या वरच्या दांडीच्या) जागेला किंवा मागच्या आसाला दोर अथवा साखळी बांधून जड वस्तू ओढली, तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो. हे इतक्या वेगाने घडते की क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. द्राक्षाच्या मांडवाखाली अडथळा नको म्हणून छोट्या ट्रॅक्टरचा रोल बार (ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी चौकट) अनेक जण काढून ठेवतात. आपणही काढला असेल, तर या कामासाठी तो पुन्हा बसवा आणि सीटचा पट्टा बांधा.

दूध_संगमनेर

राहुरीच्या भाऊंचा हिशेब पटला, तरी एक सांगावेसे वाटते. आमच्याकडेही छोटाच ट्रॅक्टर आहे आणि सुक्या गवताचे याच मापाचे गोल गठ्ठे आम्ही मागच्या काट्यावरच नेतो. त्यात कधी अडचण आलेली नाही. त्यामुळे काटा सरसकट वाईट आहे असे कोणी समजू नये.

टेम्पोतून गठ्ठा उतरवण्याबद्दल मात्र कोणी लिहिलेले नाही आणि माझ्या मते निम्मी अडचण तिथेच आहे. आम्ही रस्त्यालगत टेम्पोच्या फळीच्या उंचीचा दगडमातीचा धक्का बांधून घेतला आहे. टेम्पो मागे घेऊन धक्क्याला टेकवला की गठ्ठा आडवा करून दोन माणसे तो सपाटीवरून सपाटीवर लोटतात. गठ्ठा उंचावरून खाली लोटून देण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण गठ्ठा कोणत्या बाजूला घरंगळेल हे कोणाच्याच हातात राहत नाही.

औजारे_राहुरी

संगमनेरकर, आपले म्हणणे बरोबर आहे आणि त्यामागचे कारणही सरळ आहे. सुक्या गवताच्या गठ्ठ्याची घनता घनमीटरला १५० किलो धरली, तर या मापाचा गठ्ठा १२० किलोच्याही आत बसतो. वरच्याच हिशेबाने तेव्हा पुढच्या आसावर १९० किलोच्या आसपास भार शिल्लक राहतो आणि ट्रॅक्टर सुरक्षित मर्यादेत राहतो. मुरघासात ६५ ते ७० टक्के पाणी असते आणि तो दाबूनही भरलेला असतो. दिसायला दोन्ही गठ्ठे सारखेच, पण वजनात तिपटीहून अधिक फरक आहे. सुका गठ्ठा नेतानाही तो जमिनीपासून वीतभरच उचलावा. चढावर शक्यतो उलट्या गिअरमध्ये जावे, म्हणजे गठ्ठा चढाच्या बाजूला राहतो आणि पुढची चाके हलकी होत नाहीत.

पशुवैद्यक_फलटण

ट्रॅक्टरच्या हिशेबात मी पडत नाही. परंतु मुरघासाच्या गठ्ठ्यात काटा खुपसण्याची कल्पना जनावरांच्या दृष्टीने चुकीची आहे, हे येथे नोंदवणे मला गरजेचे वाटते. हवा आत जात नाही म्हणून तर मुरघास टिकतो. फिल्मला काट्याचे भोक पडले की हवा आत शिरते, आंबवणाची आम्लता घटू लागते आणि त्या वाटेने बुरशी धरते. बाहेरून भोक चार बोटांचे दिसते, पण आत पांढऱ्या-निळसर बुरशीचा पट्टा हातभर खोल गेलेला असतो. ज्या दिवशी गठ्ठा उघडून खाऊ घालायचा त्याच दिवशी काटा वापरला तर फारसे बिघडत नाही. साठवायच्या गठ्ठ्याला मात्र त्याचा स्पर्शही नको. वाहतुकीत फिल्म फाटली असेल तर गठ्ठा उतरवताक्षणीच, ती जागा कोरडी पुसून, मुरघासासाठी मिळणाऱ्या उन्हात टिकणाऱ्या चिकटपट्टीने बुजवावी. साधी पॅकिंगची पट्टी उन्हाने थोड्याच दिवसांत सुटते.

गठ्ठे सपाट बाजूवर उभे ठेवावेत. त्या बाजूंना फिल्मचे थर एकमेकांवर जास्त चढलेले असतात आणि गठ्ठा बसून बेढबही होत नाही. खाली खडे किंवा काड्यांचे बुडखे राहू देऊ नयेत. उंदीर आणि कावळे या दोघांचा बंदोबस्त करावा लागतो. कावळ्याने टोचलेली भोके वरच्या बाजूला असल्याने पावसाचे पाणी थेट आत उतरते.

आपल्या गोठ्याला गठ्ठ्याचे माप योग्य आहे. ८ दुभत्या गाईंना प्रत्येकी २० किलो आणि ४ कालवडींना प्रत्येकी ८ किलो धरले, तर रोज १९० किलोच्या आसपास मुरघास लागतो आणि गठ्ठा दोन दिवसांत संपतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघडा गठ्ठा याहून जास्त दिवस ठेवू नये. हात घातल्यावर आतला मुरघास गरम लागला, तर तो बिघडू लागला आहे असे समजावे. बुरशीचा भाग बाजूला काढून उकिरड्यावर टाकावा, आणि गाभण गाईंच्या गव्हाणीत तर तो चुकूनही जाऊ देऊ नये. बिघडलेल्या मुरघासातील जंतूंमुळे गर्भपात होऊ शकतो.

शेवटचा मुद्दा फिल्मच्या आतल्या जाळीचा. फिल्म सगळेच काढतात, पण जाळीचे तुकडे चाऱ्याच्या रंगात मिसळून जातात आणि गाय ते गिळते. जाळी पचत नाही. ती पोटात साठत जाते, गाय रवंथ कमी करते, दूध उतरते आणि कारण लवकर लक्षात येत नाही. गठ्ठा उघडताना जाळी एकाच उभ्या रेषेत कापावी आणि अखंड सोलून काढावी. तुकडे केले की एखादा राहून जातोच.

गोठा_निफाड

सर्वांचे मनापासून आभार. काट्याचा विचार सोडून दिला आहे. रस्त्यालगत धक्क्यासाठी जागा आहे, त्यामुळे ते काम लगेच करून घेऊ. आता एकच शंका उरली आहे. गठ्ठा गाड्यावरून गोठ्यापर्यंत आला, तरी तेथे तो फिल्म न फाटता उतरवायचा आणि सपाट बाजूवर उभा करायचा कसा? गोठ्याशेजारी पत्र्याची मोकळी शेड आहे, पण तिच्या कैच्या (छताचा भार पेलणारे सांगाडे) हलक्या पाइपांच्या आहेत.

वेल्डिंग_विटा

हलक्या कैचीला गठ्ठा टांगू नका, ती पत्र्याच्या भारासाठी केलेली असते. शेडमध्ये वेगळी कमान उभी करा. दोन्ही बाजूंना जाड पाइपाचे तिरपे पाय, मध्ये १० फुटांचा गाळा, वर पाच इंची आय गर्डर आणि त्यावर सरकत्या ट्रॉलीला एक टनाची चेन कप्पी. ४०० किलोला एवढे पुष्कळ झाले. पायांना खाली आडवे जोड द्या आणि ते काँक्रीटमध्ये बोल्टने पक्के करा.

गाड्याचा हौदा जमिनीपासून दीड फुटापेक्षा उंच नसावा. जुन्या चारचाकीचा आस आणि चाके बसवली की तो आपोआप बुटका होतो. हौद्यावर चार इंच उंचीचे दोन लाकडी ओंडके समांतर ठोकून घ्या. धक्क्याला हौद्याच्या बाजूने दुसरी, हौद्याच्या उंचीची पायरी ठेवा. वरून त्या पायरीपर्यंत मातीचा लांब उतार द्या, आणि गठ्ठ्याला पट्ट्याचा वेढा घालून तो वरून सैल सोडत उतरवा. खालच्या बाजूला कोणीही उभे राहू नये. पायरीवरून हौद्यात घेताना गठ्ठा ओंडक्यांवर सपाट बाजूवर बसवा, म्हणजे गोठ्यात तो पुन्हा उभा करावा लागणार नाही आणि वाटेत घरंगळणारही नाही. तरीही वरून पट्टा आवळाच. गोठ्यात ओंडक्यांमधल्या फटीतून चार इंच रुंदीचे दोन कापडी पट्टे गठ्ठ्याखालून घाला, चारही टोके वर कप्पीच्या हुकात घ्या आणि गठ्ठा फक्त गाड्यावरून सुटेल एवढाच उचला. मग गाडा पुढे काढून घ्या आणि गठ्ठा खाली मांडलेल्या दोन फळ्यांवर टेकवा, म्हणजे पट्टे सहज ओढून काढता येतील. तारेचा दोर वापरू नका, तो फिल्म कापतो. गठ्ठा टांगलेला असताना त्याखाली हातही घालू नये.

गाडा उताराने परत आणताना ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये ठेवा आणि क्लच दाबून ट्रॅक्टर मोकळा सोडू नका. गाड्याला स्वतःचा ब्रेक नसतो, तेव्हा इंजिनच त्याला आवरून धरते. ड्रॉबारच्या पिनला सुटू नये म्हणून आर-क्लिप (पिन अडकवून ठेवणारी तारेची क्लिप) लावायला विसरू नका.