हिलोला शिफ्ट होतोय, मुलाला बाळदमा आहे, व्हॉगचं काय करायचं?

पोहेवाली
नमस्कार मंडळी, नवऱ्याला हवाईच्या बिग आयलंडवर जॉब मिळालाय, ऑफिस हिलोला. मुलगा पहिलीत जाईल, त्याला बाळदमा आहे, सध्या कंट्रोलमध्ये आहे पण सर्दी झाली की पंप लागतोच. सासूबाईपण थोडे महिने येऊन राहणार म्हणतायत. सगळं ठरत आलं होतं आणि मी नेटवर किलाउआ ज्वालामुखीचं वाचत बसले, व्हॉग म्हणजे ज्वालामुखीच्या गॅसचं धुरकं काय, अ‍ॅसिड रेन काय, झोपच उडाली. नवरा म्हणतो दोन लाख लोक राहतात तिथे, तुझंच काय वेगळं. त्यात घरं बघतोय तर हिलोत भाडी जास्त वाटतायत आणि ओशन व्ह्यू नावाच्या भागात बरीच स्वस्त दिसतायत, पण तिथे नळ नाही, पावसाच्या पाण्याची टाकी. कोणी तिथे मुलांना घेऊन राहिलंय का? खरं सांगा, धीर देऊ नका.

हिलोतला_पाऊस
ताई, आम्ही हिलोत राहतो, दोन मुलं. पहिली गोष्ट, बिग आयलंड म्हणजे एक गाव नाही, गोव्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. बेटावर व्हॉग आहे का हा प्रश्न विचारून उपयोग नाही, आज वारा कुठून आहे ते विचारायचं. वर्षातले बहुतेक दिवस ईशान्येचे ट्रेड विंड असतात, ते ज्वालामुखीचा धूर नैऋत्येला काऊ भागात, म्हणजे पाहाला आणि तुमचं ते ओशन व्ह्यू, तिकडे ढकलतात आणि हिलो त्यातून सुटतं. हिवाळ्यात वारा पडला किंवा दक्षिणेकडून यायला लागला की मग हिलोतपण येतो, अगदी शेजारच्या ओआहू बेटापर्यंत जातो. स्वस्त घराच्या नादात ओशन व्ह्यूला अजिबात जाऊ नका, नवऱ्याचे रोज येऊनजाऊन तीनचार तास गाडीत जातील ते वेगळंच. हिलो शहरात काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाचं, नळाचं पाणी आहे, टाकीचा प्रश्न मिटला.

कोनाची_कॉफी
आम्ही कोनाला, बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर. इथे ऊन भरपूर, समुद्र मस्त, पण धूर बेटाला वळसा घालून येतो आणि दिवसा समुद्राकडून रात्री डोंगराकडून असे वारे असल्याने तो इथेच घुटमळतो. गॅस इथे पोचेपर्यंत बराचसा बारीक कणांमध्ये बदललेला असतो, त्यामुळे वास नाही येत, नुसता करडा पडदा दिसतो आणि डोकं जड, डोळे चुरचुरणं. माझ्या मुलीला दमा नाही तरी वाईट आठवड्यात रात्री ढास लागते. शाळेतल्या मुलांवर इथे अभ्यास झालाय, त्यात व्हॉगचा संबंध खोकल्याशी दिसला, दम्याच्या निदानाशी नाही. पण तुमच्या मुलाला दमा आधीच आहे, त्यामुळे त्यावर निवांत होऊ नका.

दगडधोंडे
जिऑलॉजीवाला आहे म्हणून थोडं भाषण देतो, सहन करा. ज्वालामुखीच्या तोंडाजवळ त्रास सल्फर डायऑक्साइड गॅसचा, विझलेल्या काडीसारखा वास येतो. तोच गॅस ऊन, ओलावा, ऑक्सिजन यांच्याशी मिळून लांब जाईपर्यंत सल्फेटचे कण होतात. हे कळलं की खरेदी सोपी होते. एन-95 मास्क आणि हेपा फिल्टर कण अडवतात, गॅस नाही. गॅससाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनवालं प्युरिफायर लागतं. दमेकऱ्यांना गॅस अगदी कमी असला तरी मिनिटांत त्रास होतो, त्यात पळापळ केली तर जास्तच.

आणि हे कायम सारखं नसतं. 1983 ते 2018 सलग उद्रेक, 2018 ला सातशेवर घरं गेली, मग डिसेंबर 2020 पर्यंत बेटाची हवा इतकी स्वच्छ की लोकांना विश्वास बसेना. डिसेंबर 2024 पासून किलाउआच्या हालेमाउमाउ विवरात लाव्हाची कारंजी सुरू झाली, ती थांबून थांबून येतात, कारंजं चालू असताना गॅस भसाभस वाढतो, थांबलं की उतरतो.

टवाळ_टोळी
पुण्यात सिग्नलला उभं राहून वाढलेली मुलं आपली, ज्वालामुखी काय करणार 😄

हिलोतला_पाऊस
@टवाळ_टोळी हसा, पण त्यांच्या मुलाला पंप लागतो हो.

पोहेवाली
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. हिलोच फायनल करतोय. आता घर बघताना काय बघू? आणि सासूबाईंची सकाळसंध्याकाळ उदबत्ती असते, ते चालेल ना? 🙈

हिलोतला_पाऊस
खिडक्या बघा! इथल्या जुन्या घरांना काचेच्या आडव्या पट्ट्यांच्या खिडक्या असतात, कितीही दाबल्या तरी फट राहतेच. एक तरी बेडरूम अशी घ्या जी नीट बंद होईल आणि जिथे स्प्लिट एसी बसेल, प्युरिफायर तिथेच ठेवा, वाईट दिवशी मुलगा तिथे झोपेल. अख्खं घर सील करायच्या भानगडीत पडू नका, हिलोच्या दमटपणात बुरशी लागते आणि दम्याला ती जास्त वाईट. गाडीत हवा आतल्या आत फिरवायचं बटण. शाळेत पहिल्याच दिवशी नर्सकडे पंप आणि डॉक्टरांचा लेखी प्लॅन द्या. निघायच्या आधी तिकडच्या डॉक्टरांकडून औषधांची यादी आणि जास्तीचा पंप घ्या, इथे स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही.

उदबत्ती व्हॉगच्या दिवशी नको. सासूबाईंना निरांजन लावू दे, फोडणी देताना एक्झॉस्ट लावा.

कोनाची_कॉफी
आणि कोणी टाकीचं घर गळ्यात मारायला आलंच तर आधी पाण्यात शिसं आहे का तपासायला सांगा. आंबट पाऊस जुन्या छपराचे खिळे, जोडणीतलं शिसं विरघळवतो. लोक टाकीत खायचा सोडा टाकतात, पण प्यायचं पाणी काउंटीच्या नळावरून कॅन भरून आणतात. कारंजं उडालं की पन्हाळीचा पाइप काढून ठेवायचा, नाहीतर काचेचे बारीक धागे, पेलेचे केस म्हणतात त्यांना, थेट टाकीत. रोज सकाळी व्हॉग डॅशबोर्ड नावाची वेबसाइट उघडून वाऱ्याचा अंदाज बघायची सवय लावा, हवाई युनिव्हर्सिटीचा व्हॉगच्या अंदाजाचा नकाशा पण तिथेच सापडेल. आल्यावर मेसेज करा, दिवाळीला इकडे या, वारा बघून 😀