अनुभव धागा: मटण-चिकनच्या धंद्यातले आपण

रस्सा कसा करायचा यावर आपल्याकडं ढिगानं लिहिलं जातं. बकरं सोलणाऱ्यानं, शेडवर रात्र काढणाऱ्यानं, प्लांटात हाडं सोडवणाऱ्यानं लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. काम केलं असेल, घरात धंदा असेल, तर लिहा. मालकाचं, कंपनीचं नाव नको. पाककृती दुसरीकडं टाका. सुरुवात मीच करतो.

आम्ही लातूरचे खाटीक. रविवारी वडील साडेतीनला उठायचे. बकरं उस्मानाबादीच पाहिजे हा त्यांचा हट्ट. आधी तोंड उघडून दात बघायचे, मग कमरेवर मणक्याशी चिमूट धरायचे आणि मटण किती पडेल तो आकडा सांगायचे. चुकलं तर पाव-अर्धा किलो. मला ते कधीच जमलं नाही, म्हणून आज बँकेत आहे.

गिऱ्हाईक म्हणणार, "मामा, रानाचं द्या, हाडूक कमी टाका." रान म्हणजे मागची मांडी. प्रत्येकाला रानच दिलं तर बाकीचं बकरं कुणाच्या गळ्यात मारायचं? प्रत्येकाच्या किलोत थोडी रान, थोडा सीना (छाती), एखादी नळी अशी बसवायची, की त्याला वाटावं आज आपल्यावर मेहेरबानी झाली. सत्तूर चालवणं पोरंही शिकतात, हे वाटप शिकायला वर्षं जातात. आखाडात रांग, धुळवडीला रांग. श्रावण लागला की काट्यावर फडकं. त्या महिन्यात आई किराणा उधारीवर आणायची आणि पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुकान चाललं की फेडायची. कातड्याच्या पैशात पूर्वी हाताखालच्या पोराचा पगार निघायचा, आता कातडं खारवायच्या मिठाचाही खर्च सुटत नाही.

परभणी जिल्हा, करारावरचं शेड

५,००० पक्षी. पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, तूस, लाईट, पाणी, मेहनत आमची. पैसे किलोवर, त्यात मर किती आणि खाद्य किती खाल्लं यावरून कपात. म्हणायला मालक मी, पण खाद्य कधी टाकायचं ते सुपरवायझर फोनवरून सांगणार.

पहिला आठवडा बुखारीजवळ, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या शेगडीजवळ, बसून काढायचा. पिल्लं बुखारीखाली गोळा झाली की गारठा, लांब पळाली की उष्मा जास्त. थर्मामीटर असतं, पण बघतो कोण. खरा घोर मे महिन्याचा. पारा ४२ च्या वर आणि पक्षी दोन किलोचा, उचलायला आलेला. दुपारचं खाद्य काढून घ्यायचं, छपरावर पाचट टाकून पाणी मारायचं, पडद्यांना ओलं बारदान. एका दुपारी डीपी जळाली. पाण्याचे तुषार उडवणारे फॉगर बंद. चोची उघड्या, पंख पसरलेले. आई, बायको आणि मी बादलीबादलीनं पाणी मारत होतो. कलकलाट हळूहळू कमी व्हायला लागला तसं आई म्हणाली, "गेले रे." संध्याकाळी मोजले, ३१२. सुपरवायझरनं फोटो काढले आणि विचारलं, पंखे का नाही चालवले? लाईट नव्हती हे लिहायला त्याच्या फॉर्मात रकानाच नव्हता.

२०२१ च्या जानेवारीत मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला तेव्हाचं तर विचारूच नका. एक किलोमीटरमधले पक्षी मारून पुरले. आमचं शेड तिथून कितीतरी लांब, पक्षी ठणठणीत, तरी कंपनीची गाडी उचलायला येईना. पक्षी खातोय, वाढतोय, आणि तोलायला कुणी नाही.

संभाजीनगर, निर्यातीचा प्लांट, ७ वर्षं

माल म्हशीचा. बाहेर देशात बिनहाडाचाच जातो, त्यामुळं आमचा हाडं सोडवायचा हॉल सगळ्यात मोठा. धड २४ तास चिलरमध्ये राहतं, पीएच सहाच्या खाली आला तरच सुरी लावायची. लाळ्या-खुरकुताचा विषाणू त्या आंबटपणात टिकत नाही, म्हणून. मांसातल्या ग्रंथींच्या गाठी शोधून काढायच्या. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा. हॉल इतका गार, की घरी भाकरी मोडताना बोटं वळत नाहीत, बायको मोडून देते. मोजा फाटला होता, करंगळी कापली, चार टाके. ठेकेदारानं त्या दिवशीची गैरहजेरी मांडली. साहेब म्हणाले ठेकेदाराला विचार, ठेकेदार म्हणाला साहेबांना विचार.

नांदेड

मी बाईमाणूस, दुकानाच्या मागं बसते, वजडी (बकऱ्याचं पोट) आणि मुंडी-पाय साफ करते. वजडी गरम पाण्यात बुडवून सुरीच्या पाठीनं खरवडायची. पाणी खळखळ उकळलं की काळं निघायचं सोडून उलट घट्ट बसतं, हे नव्या पोरांना सांगून थकले. समोरच्या काउंटरवर बाई कधी बघितलीत का तुम्ही? मी नाही.

उदगीर, जनावरांचा दलाल

हाळीच्या बाजारात वडिलांपासून आहे. सौदा रुमालाखाली, बोटं दाबून. आजूबाजूच्याला आकडा कळत नाही. गाय १९७६ च्या कायद्यानंच बंद होती, २०१५ पासून बैलही गेला. म्हैस, हल्या (रेडा) चालू आहेत, पण ते कागदावर. रस्त्यात गाडी अडवणारा कागद बघत नाही. ड्रायव्हर मार खातो आणि वर गुन्हाही त्याच्यावरच. जुलै २०२५ मध्ये कुरेशी लोकांनी, म्हणजे जनावरं घेणाऱ्या खाटकांनी, खरेदीच बंद ठेवली. त्यांना आम्ही मामू म्हणतो. एक म्हातारा भाकड म्हैस घेऊन आला. मला म्हणाला, "मामूला सांग, पैसं मागून दे म्हनावं." मी म्हटलं, "बाबा, मामूच आला नाही." दिवसभर तिला सावलीला बांधून बसला. संध्याकाळी टेम्पोचं भाडं उसनं घेऊन परत नेली.

औसा

धागाकर्ते, तुमचं दुकान करीला अजून उघडं असतं का?

धागाकर्ता

भाऊ चालवतो. आठच्या आत या, नंतर नळी मिळत नाही.