मदत हवी आहे: ३०:१५ गुणोत्तर १ च्या खाली येतंय

स्वायत्त चेतासंस्थेच्या (हृदयाचे ठोके वगैरे आपोआप सांभाळणाऱ्या नसांच्या) प्रात्यक्षिकात १० मिनिटं आडवं झोपवून झटकन उभं करतो. ईसीजी लीड २, वेग २५ मिमी/सेकंद. उभं केल्यावर ३०व्या ठोक्याचं आर-आर अंतर (ईसीजीवर लागोपाठच्या दोन ठोक्यांमधलं) भागिले १५व्याचं १.०४ तरी यायला हवं. दोन धडधाकट मुलांचं ०.९७ आलं. चहा-कॉफी, औषधं काही नाही. इलेक्ट्रोड बदलले, चाचणी पुन्हा घेतली. खोल श्वासाच्या चाचणीत (मिनिटाला ६ श्वास) श्वास घेताना-सोडतानाच्या हृदयगतीतला फरक मिनिटाला २० ठोक्यांच्या वर, म्हणजे व्हेगस (हृदयाची गती कमी करणारी नस) शाबूत. मोजणीचा दोष थोडा असेलच, १ मिमी म्हणजे ४० मिलिसेकंद. पण पट्टीवर सर्वांत छोटं अंतर ११व्या ठोक्याला, सर्वांत मोठं २५व्याला दिसतं. मग ठोके काटेकोर मोजायचे की ही दोन अंतरं घ्यायची? घेतली तर १.०४ ची मर्यादा तीच राहते का? आणि पहिला ठोका कुठला, उठायला लागतानाचा की पूर्ण उभं राहिल्यावरचा?