बिनकाट्याची पांढरी मासोळी घरी कशी जमली? आपापले अनुभव टाका

मीच सुरू करते. आमचं गाव वैनगंगेच्या काठचं, लहानपणापासून रोहू, कतला, मरळ, बाजारात कल्ले उघडून लाल दिसले का घ्यायची एवढंच आपल्याला माहीत. दिवाळीला भाचा नागपूरहून बासा मासोळीच्या फिलेटचं, म्हणजे बिनकाट्याच्या सपाट तुकड्यांचं, पाकीट घेऊन आला, एक किलो, पांढरंशुभ्र, ना डोकं ना शेपूट. मी रोहूसारखाच मसाला वाटला, भाजलेलं खोबरं, खसखस, लसूण, धने, तर्री चांगली आली आणि तुकडे टाकून पंधरा मिनिटं खदखदू दिलं. झाकण काढलं तर मासोळी गायब! गंजात (पातेल्यात) नुसतं पांढरं पिठलं. जवाई जेवायला बसले होते, त्यांनी विचारलं, "मामी, पनीर किसून टाकलं का?" अजून चिडवतात. तर राजेहो, कोणाला जमलं असेल तर नीट सांगा, आणि बिघडलं असेल तर ते आधी सांगा.

पवनीकडून
ताई, तुमची मासोळी गायब नाही झाली, शिजून शिजून सुटली. रोहूचा काप हाडाला धरून राहते, फिलेटला धरायला काहीच नाही. माझा पहिला घोटाळा पाण्याचा झाला. पाकीट एसटीत तीन तास मांडीवर, घरी आल्यावर घाई म्हणून गरम पाण्यात बुडवलं, वरून शिजल्यासारखं पांढरं आणि आत बर्फाचा गोळा. आता रात्रीच फ्रिजच्या खालच्या खणात चाळणीत ठेवते, चाळणीखाली ताट. सकाळी ताटात वाटीभर पाणी निघते, कारण गोठवताना वरून बर्फाचा थर चढवलेला असते आणि त्याचंही वजन आपण विकत घेतो (पाकिटावर बर्फ सोडून निव्वळ वजन किती ते वाचत जा). मग जुन्या सुती धोतराच्या फडक्यात एकेक तुकडा गुंडाळून दाबायचा, फडकं ओलं झालं का दुसरं घ्यायचं. मीठ अगदी शेवटी, कारण मीठ लावून ठेवलं का परत पाणी सुटते. तिखट-हळद-मीठ लावलं का लगेच तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. पीठ घरच्या धानाचं, जरा जाडसर दळलेलं. तेल तापलेलं पाहिजे, तुकडा टाकल्याबरोबर चर्र झालं पाहिजे. फसफस आवाज आला तर समजा पाणी राहिलं, मग ते तळणं नाही, उकडणं आहे. बोटभर जाड तुकड्याला एका बाजूनं तीन मिनिटं, दुसरीकडून दोन. सराटा (उलथणं) एकदाच घालायचा. पहिल्यांदा मी चारदा उलटवलं तर भजेच झाले होते.

नवेगावबांधच्या बाजूनं
बासा बासा काय करून राहिले सगळे, आपल्याकडे त्या नावानं विकतात तो बहुतेक पंगासच आहे. व्हिएतनामात मेकाँग नदीवर पाळतात तीच जात, आणि आता आंध्रातून बर्फात घालून आपल्या आठवडी बाजारातही ताजा येते. आमच्या घरी पिढ्यांचा मासोळीचाच धंदा, म्हणून सांगतो, ताजा दीड-दोन किलोचा पंगास घ्या, मधल्या काट्याच्या दोन्ही बाजूंनी सुरी घाला, कातडी काढा, झालं फिलेट, बारीक काटे नावालाच. शिंगाडा मासोळीचंही जमते, मरळचं तर सगळ्यात घट्ट. पण रोहूचं फिलेट म्हणून कोणी विकून राहिला तर फसू नका, रोहूला मांसातच बारीक दुबेळकी काटे असतात, ते सुरीनं जात नाहीत, लेकरांच्या घशात अडकतात. आणि कातडीखालची लालसर-करडी पट्टी काढून टाका, वास तिथंच जास्त राहते.

तलावाच्या मासोळीला मातीचा वास येते तो काही घाण नसते. पाण्यातल्या शेवाळासारख्या बारीक जीवांनी बनवलेला तो वास मासोळीच्या चरबीत मुरते. आमची माय चिंचेच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवते आणि धुऊन घेते. ताकानंही जाते. लिंबू पिळून तासभर ठेवू नका बुवा, आंबटानं मांस वरून पांढरं, रबरासारखं होते.

वर्ध्याकडून
वरच्या सगळ्यांना नमस्कार, पण तव्यावरची मासोळी आमच्या घरात कोणी खात नाही, भाताशी रस्साच लागते. पहिल्यांदा ताईंसारखंच झालं. आता आधी तर्री पूर्ण शिजवून घेतो, मीठ-आंबट पाहून घेतो, भेदरं (टमाटर) चांगलं गळू देतो, आणि ताटं वाढायला घेतली का मगच तुकडे वरून ठेवतो. चमचा घालायचा नाही, गंजच दोन्ही हातांनी धरून हलवायचा. चार-पाच मिनिटं मंद आचेवर, काचेसारखं दिसणारं मांस दुधासारखं झालं आणि बोटानं दाबल्यावर पाकळ्या सुटल्या का गॅस बंद, झाकण ठेवा. वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. मसाल्याशिवाय या मासोळीला चव कुठं आहे, खरं सांगा? मला तर ती भाड्यानं आणलेली वाटते.

पवनीकडून
भाऊ, चव आहे, तुम्ही तर्रीत बुडवता म्हणून सापडत नाही. एकदा नुसतं मीठ आणि लसूण लावून पाहा.

यवतमाळ, पांढरकवड्याच्या पुढं
आमच्या सासूबाई माळकरी, मासोळीचा तवा वेगळा, चूलही अंगणातली वेगळी. तेलाचा वास घरात गेला का दोन दिवस बोलणं बंद. म्हणून मी पळसाच्या पानात करते, पानगे करतो तसंच. दोन पानं एकावर एक, त्यावर फिलेट, जवसाची चटणी थोड्या तेलात कालवून लावायची, हिरवी मिरची, मीठ, पुडी बांधून निखाऱ्याच्या बाजूला, निखाऱ्यावर नाही. बाहेरचं पान करपलं का उलटवायची. पान उघडल्यावर वाफेसोबत जवसाचा जो वास येते ना, सासूबाईंनी ओट्यावरून विचारलं, "काय भाजून राहिली वं?" मी म्हटलं वांगं. देव माफ करो.

चिमूरकडून
एक तक्रार. तालुक्याच्या एका दुकानातून पाकीट घेतलं, तारीख बरोबर, पण आतले सगळे तुकडे चिकटून एकच ढेकूळ आणि तळाशी लालसर पाण्याचा बर्फ. म्हणजे लाईट गेली तेव्हा वितळलं आणि लाईट आली तेव्हा परत गोठलं. तव्यावर टाकलं तर लगदा, वास असा की मांजरानं हुंगून तोंड फिरवलं. आता घ्यायच्या आधी पाकीट हलवून पाहतो, तुकडे आत खडखड वाजले तरच घेतो. उन्हाळ्यात तर घेतच नाही.

गडचिरोलीकडून, घाईत
लहान लेकरांना देत असाल तर बिनकाट्याचं म्हणून डोळे मिटून देऊ नका. कच्च्या तुकड्यावर बोट उलटसुलट फिरवा, एखादा काटा हाताला लागतेच. मला तीन तुकड्यांत दोन सापडले. बाकी अंबाडीच्या भाजीत शेवटी टाकून पाहा, आंबटपणा मस्त बसते.

धागा सुरू करणारी
काल केली. धोतर नव्हतं, यांची जुनी लुंगी फाडली. पहिल्या तुकड्याला फसफस, दुसऱ्याला चर्र. चार तुकडे साबूत निघाले, पाचवा मीच घाईनं तोडला आणि उभ्या उभ्या खाऊन टाकला, त्याची कोणाला खबर नाही. जवायाला फोटो पाठवला तर म्हणते, "मामी, पनीर छान तळलं."