चर्चा धागा: एक्सएमएल फाइल तुटकी निघाली तर ब्राउझरने बोंब मारायची की गप्प बसायचं?

बोरूबहाद्दर:
मंडळी, परवा तोंडावर आपटलो, म्हणून हा धागा.

एका घाऊक व्यापाऱ्याला छोटं पान करून दिलंय. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली बिलांची एक्सएमएल फाइल (माहिती टॅगांच्या खुणांमध्ये गुंफलेला मजकूर) त्यावर टाकायची, की खाली तक्ता आणि बेरीज. सगळं जावास्क्रिप्टमध्ये, डॉमपार्सर (असा मजकूर वाचून देणारी ब्राउझरमधलीच सोय) वापरून. मार्चच्या फाइलमध्ये ३४० बिलं होती. मालकाच्या क्रोममध्ये दिसली २१३, आणि शेवटच्या बिलाची रक्कम शून्य. मुनीमजींच्या फायरफॉक्समध्ये तक्ताच कोरा. त्यांनी फोन केला म्हणून कळलं. मालक तोवर तीच बेरीज सीएला सांगून मोकळे झाले होते.

कारण एवढंसं. २१३व्या बिलात गिऱ्हाइकाचं नाव 'पाटील & सन्स', आणि फाइल काढणाऱ्याने तो & तसाच सोडलेला. एक्सएमएलमध्ये नुसता & चालत नाही, कबूल. पण अशी फाइल दिली तरी डॉमपार्सर एक्सेप्शन (काम थांबवणारा इशारा) फेकत नाही, मुकाट्याने एक डॉक्युमेंट (वाचलेल्या टॅगांचं झाड) हातात ठेवतो. फायरफॉक्सच्या डॉक्युमेंटमध्ये 'पार्सरएरर' हा एकच मूळ टॅग असतो, बाकी सगळं टाकून दिलेलं. क्रोम आणि सफारी मात्र चुकीच्या जागेपर्यंत वाचलेलं तसंच ठेवतात आणि मूळ टॅगच्या पोटात पार्सरएरर खोचून देतात. त्यात इंग्रजीत लिहिलेलंही असतं की पहिल्या चुकीपर्यंतचं पान खाली दाखवलं आहे. वाचणार कोण? माझा कोड बिलं मोजत होता, त्याला २१३ मिळाली, तो खूश.

माझ्या मते दोष ब्राउझरचा. जेसॉनमध्ये (माहिती लिहायची दुसरी पद्धत) एक स्वल्पविराम जास्त पडला तरी पार्सर तिथल्या तिथे बोंब मारतो. मग इथेच हे मौन कशाला?

काटेकोर:
साफ असहमत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? & सोडला फाइल काढणाऱ्याने. एक्सएमएल १.० हे १९९८चं, आणि नियम तेव्हापासून एकच आहे: फाइल सुघटित (लिहिण्याच्या नियमांत बसणारी) नसेल तर पुढे नेहमीसारखं वाचायचं नाही. पार्स झाल्यावर पार्सरएरर आहे का ते बघणारी एक ओळ लिहायची असते, ती तुम्ही लिहिली नाही. आणि ते शून्य ब्राउझरने घातलं का हो? 'रक्कम सापडली नाही तर शून्य धर' असं तुमच्याच कोडमध्ये असणार.

बोरूबहाद्दर:
शून्याबद्दल कान पकडतो. बाकीचं मान्य नाही.

एक म्हणजे, पुढे वाचायचं नाही हे तुम्हीच म्हणताय, मग क्रोम ते अर्धं झाड सुट्या बिलांसारखं माझ्या हातात का ठेवतो? एचटीएमएलच्या स्टँडर्डमध्येही चूक झाली तर पार्सरएरर हाच मूळ टॅग करायचा असं आहे. फायरफॉक्स ते पाळतो. दुसरं, तुमची ती 'एक ओळ'. बऱ्याच ठिकाणी ती मूळ टॅगचं नाव तपासणारी असते. फायरफॉक्समध्ये चालते, क्रोममध्ये मूळ टॅग 'बिलं' हाच राहतो आणि तपासणी पास! सगळ्या झाडात शोधलं तरच सापडतं.

जुना खोंड:
पोरांनो, आयई ६ (मायक्रोसॉफ्टचा जुना इंटरनेट एक्सप्लोरर) आठवतंय का? तिथे ॲक्टिव्हएक्सवाला (मायक्रोसॉफ्टच्या जोडण्यांच्या पद्धतीचा) पार्सर होता. फाइल तुटकी असली तर तो कितव्या ओळीत, कितव्या अक्षरावर, कशामुळे, सगळं सांगायचा. आयई ९मध्ये डॉमपार्सर आला, तोही चूक दिसली की सरळ एक्सेप्शन फेकायचा. ज्याला आपण जन्मभर शिव्या घातल्या, त्याचंच हे एक वागणं शहाणपणाचं होतं.

बाकी ते दिवस परत नकोत. आयई टॅगांमधली मोकळी जागा गाळून टाकायचा, फायरफॉक्स तिचाही टेक्स्ट नोड (झाडातला मजकुराचा तुकडा) करायचा. पहिलं मूल मागितलं की एकीकडे बिल, दुसरीकडे नुसती नवी ओळ. फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्त्या लांब मजकुराचे ४०९६ अक्षरांचे तुकडे पाडायच्या, ते वेगळंच. आमच्या पानावर प्रत्येक मोठा लेख वाक्याच्या मध्येच संपायचा आणि मी दोन दिवस सर्व्हरवाल्याशी भांडत होतो. त्याची अजून माफी मागितलेली नाही.

जेसॉनराव:
अजून एक्सएमएल? ब्राउझरमध्ये? सर्व्हरवर जेसॉन करून पाठवा आणि झोपा निवांत. ब्राउझरवालेसुद्धा आता हात झटकतायत, २०२५मध्ये क्रोमने एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूप बदलून पान बनवायची सोय) काढून टाकणार म्हणून जाहीर केलंच आहे. आणि तुटकी फाइल गिळायचीच असेल तर डॉमपार्सरला ती एचटीएमएल आहे असं सांगा, तो कधीच तक्रार करत नाही.

घाटवाट्या:
राव, तो शेवटचा सल्ला कुणी खरंच पाळेल हो! आरएसएस फीड (साइटवरच्या नव्या लेखांची एक्सएमएल यादी) एचटीएमएल म्हणून वाचून बघा. एचटीएमएलमध्ये 'लिंक' टॅगला पोट नसतं, त्यामुळे पत्ता टॅगच्या बाहेर पडतो आणि लिंक रिकामी. सीडेटाची (जसाच्या तसा ठेवायचा मजकूर) तर कॉमेंट होऊन जाते.

सर्व्हरचं म्हणाल तर माझ्याकडे सर्व्हरच नाही. ट्रेकचे जीपीएक्स ट्रॅक (जीपीएसने नोंदलेल्या वाटेची एक्सएमएल फाइल) नकाशावर दाखवणारं एक पान आहे, लोक फोनमधली फाइल उघडतात, ती फोनबाहेर जात नाही. भाडं शून्य. एक्सएसएलटी गेलं तरी पार्सर कुठे जात नाही.

मला घोळ वेगळाच भेटला. अलंग-मदन-कुलंगचा ट्रॅक व्यवस्थित होता, पण एक्सपाथने (एक्सएमएलच्या झाडात शोधायची भाषा) बिंदू शोधले तर शून्य. जीपीएक्सच्या मूळ टॅगवर नेमस्पेस (टॅग कोणत्या कुळातले ते सांगणारं नाव) असते आणि एक्सपाथला ती सांगितल्याशिवाय आतलं काही दिसत नाही. साधं टॅगच्या नावाने शोधलं तर सगळे बिंदू हजर. इथे ब्राउझरचा काही दोष नाही, म्हणून मी अर्धा काटेकोर यांच्या बाजूने.

काटेकोर:
अर्धा तर अर्धा, चालेल. बोरूबहाद्दर, क्रोमने अर्धं झाड देऊ नये हे मान्य. पण एक्सेप्शन? आज अचानक फेकायला लागला तर वर्षानुवर्षं तुटक्या फायलींवर कशीबशी चाललेली पानं कोसळतील. ती लिहिणारे आता शोधून सापडणार नाहीत.

बोरूबहाद्दर:
म्हणूनच आहे ते मोडू नका, कडक वागणारं वेगळं फंक्शन द्या, एवढंच मागणं आहे. तोवर मी आपला पार्सर गुंडाळून घेतला: झाडात कुठेही पार्सरएरर दिसला की आमचं पान लाल, बेरीज नाही.

ते लावून जुन्या फायली पुन्हा चालवल्या. फेब्रुवारी ठीक. जानेवारीत शेवटची १९ बिलं गायब, तिथेही पाटीलच. मालकांना उद्या फोन करतो.