चर्चा: स्वतःचा मेल सर्व्हर चालवणं हा आता निव्वळ हट्ट आहे का?

मुठेकाठचा: सहा वर्षं स्वतःचा पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) चालवतोय. गेल्या महिन्यात सर्व्हर नव्या जागी हलवला आणि एका मोठ्या सेवेकडे जाणाऱ्या मेलपैकी काही पोचायच्या, काही ५५० (समोरच्या सर्व्हरचा नकाराचा कोड) खाऊन परत यायच्या. एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) ठीक, डीकेआयएमची सही (मेल त्या डोमेनचीच असल्याची डिजिटल खूण) ठीक, ब्लॅकलिस्टमध्ये नाव नाही. तीन रात्री गेल्या. शेवटी कळलं, सर्व्हर कधी आयपीव्ही४ वरून (जुन्या पद्धतीचा इंटरनेट पत्ता) पाठवतोय, कधी आयपीव्ही६ वरून (नव्या पद्धतीचा), आणि सहावाल्याला पीटीआरच (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) नाही. माझं मत: हे आता एकट्यादुकट्याचं काम राहिलेलं नाही. पैसे मोजा, सुटा.

लॉगवाली: अहो, चूक तुमच्या नोंदीची आणि मोडीत काढताय सगळ्यांचे सर्व्हर! ५५० च्या पुढचं वाक्य वाचलंत का? बहुतेक वेळा कारण तिथेच लिहिलेलं असतं. पीटीआर आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नावांची नोंदवही) लावून चालत नाही, आयपी ज्याचा त्याच्याकडे लावावा लागतो, आणि त्यातलं नाव परत त्याच आयपीवर यायला हवं. तोवर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगायचं. दोन मिनिटांचं काम.

मुठेकाठचा: वाचलं हो. तिसऱ्या रात्री.

खडूस पोस्टमन: ५५० येतो ते नशीबच समजा, निदान कारण तरी कळतं. खरा छळ २५० चा. समोरचा "घेतली" म्हणतो आणि मेल स्पॅममध्ये टाकतो. आता वाचा लॉग! फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूचे नियम कडक झाले. जीमेलला रोज ५,००० च्या वर पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (या तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही हवेत, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत हव्यात. ठीक. पण दिवसाला चाळीस मेल पाठवणाऱ्याने पोस्टमास्टर टूल्स (पाठवणाऱ्याला त्याच्या मेलची आकडेवारी दाखवणारी गूगलची सेवा) उघडलं तर बहुधा पान कोरं. आपली पत काय आहे, विचारायचं कुणाला?

लॉगवाली: हे मात्र मान्य. म्हणून मी येणारी टपाल घरी ठेवते, जाणारी रिलेकडून (आपली मेल पुढे पोचवणारी सेवा) पाठवते. पेटी माझी, टपालवाला भाड्याचा.

खडूस पोस्टमन: स्वस्तातल्या रिलेचा आयपी सामायिक असतो. शेजारी स्पॅम पाठवणार, भोगणार तुम्ही. शिवाय त्याचा इन्क्लूड (त्याच्या यादीचा हवाला) एसपीएफमध्ये घालायला लावतात, आणि तिथे दहा लुकअपच्या (डीएनएसमधल्या चौकशा) वर परवानगी नाही.

मुठेकाठचा: पीटीआर आज लागला. ५५० बंद. मामेभावाला मेल टाकली, २५० आला. आता त्याला व्हॉट्सअ‍ॅप केलाय, स्पॅममध्ये बघ म्हणून.